बाबांचा २०१५ चा लॅपटॉप: एसएसडी टाकावी की नवीनच घ्यावा?

मिरजेची_लेक
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. बाबांचा लॅपटॉप २०१५ चा आहे, आय थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू करून चहा ठेवला आणि पिऊन झाला तरी डेस्कटॉप नीट येत नाही, टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क कायम १०० टक्के. बाबा रिटायर्ड शिक्षक आहेत, त्यांचं सगळं लिखाण त्यात आहे आणि तेही जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, शेकडो वर्ड फायली, शिवाय आजीचे फोटो जे दुसरीकडे कुठेच नाहीत. दुकानात नेला तर म्हणाले प्रोसेसर जुना झालाय, नवीन घ्या. बाबांना नवीन नकोय, त्यांचा हात या कीबोर्डवर बसलाय. हार्ड डिस्क काढून नुसती एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकून फरक पडेल का? आणि क्लोन करायचं (जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवायची) की विंडोज नव्याने टाकायचं?

सोल्डरवाला
फरक पडेल आणि भरपूर पडेल. तुमचा प्रोसेसर वर्ड, बँक, यूट्यूबला अजून पुरतो, अडतंय ते डिस्कपाशी. लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुतेक ५४०० आरपीएमची असते, म्हणजे एक फेरा व्हायला ११ मिलिसेकंद, त्यात हेड (डिस्क वाचणारा भाग) इकडून तिकडे सरकायचा वेळ धरला तर विखुरलेल्या बारीक बारीक फायली सेकंदाला साठ-सत्तरच वाचून होतात, आणि विंडोज चालू होताना नेमकं हेच काम हजारो वेळा चालू असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही त्यामुळे ती वाट बघणंच संपतं. घेताना २.५ इंची साटा (तुमच्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची), ७ मिमी जाडीची घ्या. एनव्हीएमई (एसएसडीचाच वेगळ्या जोडणीचा प्रकार) स्वस्त दिसली म्हणून घेऊ नका, २०१५ च्या साध्या लॅपटॉपात तिला बहुतेक जागाच नसते.
रॅम पण ८ करा. डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची लागेल. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही.

तात्या_कोल्हापूर
ताई, थांबा. काही उघडायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि डिस्कची तब्येत बघा. डिस्क नेहमी नुसती जुनी झाली म्हणूनच इतकी रखडते असं नाही, कधीकधी खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते म्हणून पण रखडते. पिवळं काही दिसलं तर इथे लिहा, तोवर क्लोन करू नका.

मिरजेची_लेक
तात्या, पिवळंच आहे! कॉशन लिहिलंय आणि करंट पेंडिंग सेक्टरपुढे (नीट वाचता न आलेल्या कप्प्यांचा आकडा) शून्य नाही. हात थरथरायला लागलेत माझे.

तात्या_कोल्हापूर
घाबरू नका, डिस्क अजून वाचतेय तोवर वेळ आहे. पण आता क्रम महत्त्वाचा. आजच एक्स्टर्नल डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा आणि आधी आजीचे फोटो घ्या, मग बाबांच्या फायली, मग बाकीचं. अख्खी डिस्क एकदम कॉपीला लावू नका, खराब जागी अडकली की हवं ते मागेच राहतं. एखादं फोल्डर अडकलं तर सोडून पुढे जा, त्याच्यासाठी नंतर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढायचं सॉफ्टवेअर) आहे. आणि हे फार लोक विसरतात: बाबांचा तो फॉन्ट! सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून त्याची टीटीएफ फाइल पण कॉपी करा, नाहीतर फायली वाचतील पण उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी आणि की पण शोधून ठेवा, काहींचं लायसन्स डिस्कच्या नंबराला बांधलेलं असतं.
असल्या डिस्कवरून क्लोन नकोच, नव्याने टाका. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनतो. आत्ताचं विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेटेड असेल तर त्याच मदरबोर्डवर नेटला जोडल्यावर बहुतेक आपोआप होतं.

पेंग्विन_पुणे
एक सांगतो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं त्यामुळे तुमचा लॅपटॉप अधिकृतपणे बसत नाही. बँकेचं काम त्यावर करणार असाल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) बघा, त्यावरच्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) फॉन्टची टीटीएफ टाकली की जुन्या फायली वाचता येतात. पण बाबांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं असेल तर ते तिथे चालेल असं धरून चालू नका, त्यांना विचारूनच ठरवा.

सोल्डरवाला
उघडताना आधी बॅटरी काढा, आतमध्ये असेल तर तिचा कनेक्टर. स्क्रू कागदावर ज्या जागेचे त्या जागी चिकटवून ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी गेला की कीबोर्डला वर टेंगूळ येतं. काही मॉडेलना आधी कीबोर्ड उचलावा लागतो, त्याची रिबन ओढायची नाही, लॅच नखाने वर करायचं.

मिरजेची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, झालं! फोटो सगळे निघाले, फायलींमधलं एक फोल्डर राहिलं होतं ते भावाने डीडीरेस्क्यूने काढलं. एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकली, विंडोज १० च ठेवलं कारण बाबांचं सॉफ्टवेअर, आणि बँक आता माझ्या फोनवरून करायची असं ठरलं. चालू केल्यावर वीस-बावीस सेकंदात डेस्कटॉप. बाबांनी पहिल्यांदा २०१६ ची एक फाइल उघडली, फॉन्ट नीट दिसला तेव्हा चष्मा काढून पुसत बसले. जुन्या डिस्कला केसिंग (यूएसबीने जोडायचा डबा) घेऊन बॅकअपला वापरू का?

तात्या_कोल्हापूर
नाही ताई, पेंडिंग सेक्टरवाली डिस्क बॅकअपला नको. कपाटात ठेवून द्या, काही राहिलं असेल तर उपयोगी पडेल. बॅकअपला नवीन एक्स्टर्नल घ्या आणि फोटोंची एक कॉपी भावाच्या घरी पण असू द्या.