याकीसोबा: नूडल्स आधी परतून घ्या

घरी याकीसोबा, म्हणजे जपानी पद्धतीच्या परतलेल्या नूडल्स, केला की नूडल्सचा गोळा का होतो, असा प्रश्न असेल तर माझ्या मते पाणी आणि पॅनमधली गर्दी, दुसरं काही नाही. जपानमधे सुपरमार्केटात तिघांपुरती पाकिटं मिळतात ना, त्यातल्या नूडल्स आधीच वाफवलेल्या असतात, उकळायच्या नाहीत अजिबात! मायक्रोवेवमधे जरा गरम केल्या की आपोआप सुटतात, मग तेलावर पसरून न हलवता ठेवायच्या, खालून सोनेरी डाग पडले आणि कडा कडक झाल्या की बाजूला काढा. त्याच पॅनमधे पोर्कचे पातळ काप, चरबी सुटली की कोबी, मोठ्या आचेवर, करकरीत राहिला पाहिजे. मग नूडल्स परत घालून सॉस अगदी शेवटी, तोही पॅनच्या कडेने, चर्र झाला की वास काय सुटतो!! एका वेळी दोघांपुरतंच करा, जास्त झालं की सगळं परतण्याऐवजी वाफेवर शिजतं. नुसता सोया सॉस नको, वूस्टर सॉसच्या जातीचा याकीसोबा सॉसच आणा, ती आंबटगोड चव दुसऱ्या कशाला नाही. वरून आओनोरी, म्हणजे समुद्री शेवाळाची हिरवी पूड, आणि लोणच्याचं लाल आलं. जपानच्या शिझुओका प्रांतातल्या फुजिनोमिया शहरात यावर सुक्या सार्डिन माशाची पूड भुरभुरतात, मिळाली तर नक्की घालून बघा.