मिक्स्ड ग्रिलने पब वाचवला की संपवला?

डडलीकर

मागच्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या गटावर एकाने लिहिलं: "देसी पब हे पबच नव्हेत, बिअर मिळणारी पंजाबी हॉटेलं आहेत. खरे इंग्लिश पब संपले." त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबलं, म्हणून इथे धागा काढतोय.

मी राहतो तो भाग म्हणजे बर्मिंगहॅमशेजारचा ब्लॅक कंट्री. डडली, टिप्टन, स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच. फाउंड्र्यांचा मुलूख. इथला पब पाळी सुटल्यावर घसा ओला करायला होता. फाउंड्रीत दिवसभर घाम गाळलेला माणूस 'माइल्ड' नावाची हलकी, गोडसर बिअर पिंटामागून पिंट प्यायचा. पन्नास-साठच्या दशकांत त्याच फाउंड्र्यांत पंजाबी कामगार आले. घाम तोच, तहान तीच, पण पबात मात्र 'तुमची खोली ती नव्हे'. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले होते. इंडियन वर्कर्स असोसिएशनची मंडळी त्यांना ब्लू गेट्स नावाच्या पबात घेऊन गेली आणि गोऱ्यांसाठी राखलेल्या खोलीत त्यांना पेय नाकारलं गेलं. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. सार्वजनिक जागी वर्णावरून असा नकार देणं बेकायदा ठरवणारा इथला पहिला कायदा त्याच वर्षाच्या अखेरीचा.

पुढे ऐंशीच्या दशकात फाउंड्र्या बंद पडत गेल्या, पब ओस पडले, आणि ज्यांना आत घेत नव्हते त्यांच्यापैकीच काहींनी ते चालवायला घेतले. मागे तंदूर लावला, पुढचा बार होता तसा ठेवला. वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायन या देसी पबात आज हा इतिहास रंगीत काचेच्या खिडकीत मांडलेला आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या पबात शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघा. लोखंडी तव्यावर चरचरत मिक्स्ड ग्रिल येतं. खाली कांदा करपत असतो, वर सीख कबाब, लँब चॉप, तंदुरी कोंबडी. धूर बारवरून सरकत कोपऱ्यात डॉमिनोज खेळणाऱ्या चार म्हाताऱ्यांपर्यंत जातो. त्यांतले दोघे गोरे, एक सरदारजी, एक जमैकन. डाव न थांबवता एकजण हाताने धूर बाजूला करतो आणि सोंगटी आपटतो. हा पब नाही तर काय आहे?

माझी कसोटी सरळ आहे. एकटा माणूस एक पिंट घेऊन दोन तास बसू शकतो का, "बुकिंग आहे का?" असं कुणी न विचारता? जिथे बसू शकतो तो पब. या कसोटीवर देसी पब उतरतात. नापास होतात ते गावागावांतले फिकट राखाडी रंग दिलेले, प्रत्येक टेबलावर 'रिझर्व्ह्ड'ची पाटी आणि स्लेटच्या फरशीवर वाढलेलं चीज असलेले पब.

आंबेगावकर

असहमत, आणि बऱ्यापैकी ठामपणे.

तुम्ही शुक्रवारचं चित्र दिलंत, मी रविवारचं देतो. चार वाजता चाळीस माणसं दारात, प्रत्येकाच्या हातात नंबर, आत एकही खुर्ची मोकळी नाही. बारसमोर उभं राहावं तर वेटर तवे घेऊन पळतायत. एकट्या माणसाला टेबल मिळणार नाही, कारण चौघांचं टेबल अडवून एक पिंट पिणारा मालकाला परवडत नाही. हिशेब तोच आहे जो तुमच्या राखाडी पबाचा. तुम्ही चीजला नावं ठेवता आणि चॉपला माफ करता, कारण चॉप आपल्याकडचा आहे.

लंडनमध्ये फॅरिंग्डन रोडवर द ईगल १९९१ मध्ये नव्याने सुरू झाला, तिथून 'गॅस्ट्रोपब' हे प्रकरण वाढलं असं मानतात. जेवण पुढे आलं की पिणारा मागे सरकतो. स्वयंपाकघर कुठल्या देशाचं आहे याने फरक पडत नाही.

ऑफिसातला माझा सहकारी टिप्टनचा. त्याचे वडील वर्षानुवर्षं ज्या पबात जायचे तो आता ग्रिलचा झाला. त्यांना कुणी हाकललं नाही, मालक नावाने ओळखतो, तरी ते जात नाहीत. म्हणतात, कुणाशी बोलू? बाकीचे सगळे जेवायला आलेत. या माणसाचं काय करायचं, तेवढं सांगा.

मेधा_रेडिंग

दोघांनाही विचारते. तुमच्या कसोटीतला तो "एकटा माणूस" पुरुषच का आहे?

जुन्या पबांच्या दुधी, नक्षीच्या काचा कधी नीट पाहिल्यात का? आत कोण बसलंय ते रस्त्यावरून दिसू नये म्हणून त्या होत्या. आतही भिंती. पब्लिक बार कामगारांचा, सलून बार बऱ्या कपड्यांतल्यांचा, आणि तीच बिअर तिकडे महाग. माल्कम एक्सना ज्या खोलीत नाकारलं ती काही आकाशातून पडली नव्हती. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसवणं हा या 'परंपरे'चाच भाग होता. बायकांचं सांगायचं तर फ्लीट स्ट्रीटवरच्या एल विनो या वाइन बारमध्ये बाईला बारवर उभं राहून पेय मिळत नसे, मागच्या खोलीत जाऊन बसावं लागे. ते बेकायदा ठरवायला अपील कोर्टापर्यंत जावं लागलं आणि निकाल आला १९८२ मध्ये! पत्रकार आणि वकिलांच्या वस्तीत ही कथा, तर फाउंड्रीशेजारी काय असेल.

मला पबात आणलं ते दोन गोष्टींनी. १ जुलै २००७ पासून आत सिगारेट बंद झाली, आणि जेवण मिळायला लागलं. सासूबाई सांगलीहून येतात तेव्हा आम्ही दुपारी नदीकाठच्या पबात जातो. त्या चहाची किटली घेऊन दोन तास बसतात, शेजारच्या टेबलावरच्या कुत्र्याशी मराठीत बोलतात. कुत्र्याच्या मालकिणीला आता त्यांचं नाव माहीत आहे. आंबेगावकर, तुमच्या सहकाऱ्याच्या वडिलांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण त्यांचा पब जसाच्या तसा राहिला असता तर माझ्या सासूबाईंना त्यात जागा नव्हती, हेही मांडायला हवं.

तळघर

एका साखळीच्या पबात मॅनेजर होतो, त्यामुळे बारच्या मागून बोलतो.

ग्रिल आणि चीज या भांडणात मूळ रोग निसटतोय. खरी, हातपंपाने ओढायची कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर, हा जिवंत माल आहे. पिंपात तिचं आंबणं चालूच असतं. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं, पिंप आडवं लावून गाळ बसू द्यायचा, तोंडावरची लाकडी खुंटी सैल करून वायू जाऊ द्यायचा, मग तोटी ठोकायची. एकदा का हवा आत गेली की साधारण तीन दिवस. लहान पिंपात ७२ पिंट येतात. म्हणजे एकाच प्रकारची बिअर दिवसाला चोवीस पिंट खपायलाच हवी, नाहीतर आंबट झालेली मोरीत ओता. सोमवार-मंगळवारी येणारे ते आठ-दहा नेहमीचे म्हातारे गेले की सगळ्यात आधी कास्क जाते. मग उरते गार लागर, जी कुठेही मिळते. अशा पबात कुणी मुद्दाम का यावं?

आता पैशांकडे. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांच्या हातातले पब कमी करायचे आदेश काढले. हेतू चांगला होता, मक्तेदारी मोडायची. ब्रुअऱ्यांनी विकलेले हजारो पब उचलले ते नव्या, निव्वळ मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपन्यांनी, त्यातही कर्ज काढून. चालवणाऱ्याने भाडंही त्यांना द्यायचं आणि बिअरही त्यांच्याकडूनच, बाजारापेक्षा चढ्या भावाने घ्यायची. २०१६ च्या पब्ज कोडने मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना यातून सुटायची वाट दिली, पण ती वाट वकिलांच्या दारावरून जाते. त्यात पबातल्या जेवणावर २० टक्के व्हॅट, सुपरमार्केटमधल्या बहुतेक खाण्यावर शून्य. २००० साली सुमारे ६० हजार पब होते, आता ४५ हजारांच्या आसपास आहेत. हे नुसतं लोकांची आवड बदलल्याने झालेलं नाही.

संयमी

सगळे इतके हळवे का झालेत कळत नाही. पब बंद होणं म्हणजे दारूचं दुकान बंद होणं. माझ्या मामांना दारूने संपताना पाहिलंय, त्यामुळे 'समाजाचा आधार' वगैरे शब्द मला लागू पडत नाहीत. गावात वाचनालय बंद पडतं तेव्हा इतके लोक लिहीत नाहीत. आपल्याकडे परमिट रूम बंद झाली तर गल्ली पेढे वाटेल.

डडलीकर

संयमी, मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या दुःखाशी वाद घालणार नाही. परमिट रूमशी मात्र घालतो. ती जन्मली १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या पोटी. परवाना काढा, पडद्याआड बसा, अंधारात प्या, तोंड लपवत बाहेर पडा. तिथे शेजाऱ्याची ओळख टाळायला जातात. इथे पब गेला म्हणून पिणारा सुटत नाही. तो सुपरमार्केटमधून स्वस्तातला खोका उचलतो आणि घरी एकटा पितो. "आज पुरे, घरी जा" असं म्हणणारा बारमागचा माणूस तेवढा जातो. वाचनालयासाठीही लढू की, माझी सही पहिली.

मेधाताई, भिंतींचा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझी सुरुवातच त्यातून आहे. देसी पबांचं मला कौतुक आहे ते याचसाठी की ज्यांना एका खोलीत ढकललं होतं त्यांनी हाती आल्यावर सगळ्या खोल्या उघडल्या. आमच्याकडे रविवारी आज्ज्या, लहान मुलं, सुना सगळे असतात. बाटलीला न शिवणारेही.

आंबेगावकर, रविवारची गर्दी खरी आहे. पण तळघर यांचा हिशेब पुन्हा वाचा. रविवारचे तवे विकले जातात म्हणून मंगळवारी दिवे लागतात, आणि मंगळवारी दिवे लागतात म्हणून डॉमिनोज होतात. ग्रिल काढून घ्या, तुमच्या सहकाऱ्याच्या वडिलांना बोलायला माणूस मिळणार नाहीच, वर दाराला फळ्या ठोकलेल्या दिसतील.

आंबेगावकर

फळ्यांपेक्षा तवा बरा, एवढंच म्हणणं असेल तर ते मान्य करायला मला अडचण नाही. पण तुम्ही म्हणताय की काही हरवलंच नाही. हरवलंय.

हिम्लीचा क्रुकेड हाऊस पब तुमच्या घराजवळच ना? खालच्या खाणींमुळे जमीन खचून इमारत एका बाजूला कललेली, आत टेबलावर सोडलेली गोटी चढावर गेल्यासारखी दिसायची. ऑगस्ट २०२३ मध्ये विक्रीनंतर काही दिवसांतच आग लागली आणि दोन दिवसांत उरलेल्या भिंतीही पाडून टाकल्या. नंतर कौन्सिलने पुन्हा बांधायची नोटीस काढली. लोक विटांच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन रडले. ते जेवणासाठी रडत होते का? त्यांचे आजोबा त्याच तिरक्या भिंतीला टेकून उभे राहिले होते म्हणून रडले. तुमच्या कसोटीत या ओढीला जागाच नाही. नुसतं 'बसू देतात का' एवढंच विचारलंत तर कुठल्याही मॉलमधलं कॉफीचं दुकानही पास होईल.

मला पब तीन पिढ्यांच्या ओळखीचा हवा. आपण इथे आलो तेव्हा ती ओळख आयती मिळाली, आणि आपल्याच काळात ती विरतेय. त्याबद्दल निदान हळहळ तरी असू द्या.

मेधा_रेडिंग

तीन पिढ्यांचं म्हणाल तर स्मेदिकच्या पंजाबी घरांतही आता तिसरी-चौथी पिढी पबात बसते. त्यांच्या आजोबांची ओळख कमी कशी धरायची?

पण ओढीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. आणि हळहळीपेक्षा जास्त काहीतरी करता येतं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने पबाची 'समाजाची मालमत्ता' म्हणून कौन्सिलकडे नोंद करता येते. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढला आणि गावकऱ्यांनी बोली लावायची इच्छा कळवली, तर त्यांना पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. दक्षिण लंडनमधल्या नन्हेडच्या आयव्ही हाऊसची नोंद देशातली पहिली, आणि २०१३ मध्ये तिथल्या लोकांनी समभाग काढून पब चालवायला घेतला.

तळघर

यातली मर्यादाही सांगून ठेवतो. मालकाने तुम्हालाच विकावं अशी सक्ती नाही. सहा महिने संपले की तो कुणालाही विकू शकतो. मात्र २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायला नियोजनाची परवानगी लागते, ही दुसरी ढाल. मेडा व्हेलचा कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये विनापरवानगी पाडला, तर वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो विटेला वीट जुळवून पुन्हा बांधायला लावला. २०२१ मध्ये उघडला. लोकांनी नेट लावला म्हणून हे झालं.

अर्जाला नोंदणीकृत संस्था नसली तरी चालते, मतदारयादीतले २१ स्थानिक लोक एकत्र आले की पुरे. आणि हे आपल्यातल्या फार जणांना माहीत नसतं: भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यालाही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून इथल्या मतदारयादीत नाव घालता येतं. म्हणजे एका गावातली आठ-दहा मराठी घरं आली तरी संख्या भरते.

आंबेगावकर

मी यादीत आहे. आमच्या गावात असा एकच पब उरलाय, ग्रिल नाही, चीज नाही, दोन हातपंप आणि बाणांचा बोर्ड. मालकीण साठी ओलांडलेली आहे आणि भाडेपट्टा पुढच्या वर्षी संपतोय. तळघर, अर्जाचा नमुना आणि पबाचा 'सामाजिक उपयोग' सिद्ध करायला काय काय जोडावं लागतं ते इथेच टाकाल का? डडलीकर, ग्रिलवरचं माझं मत बदललेलं नाही.

तळघर

रात्री पाठवतो. तोवर पबाच्या हद्दीचा नकाशा मिळवून ठेवा, अर्जात तो लागतोच. डार्ट्सची लीग, अंत्यविधीनंतरचे चहापाणी, शाळेच्या निधीसाठी झालेली क्विझ, जे जे तिथे झालं त्याचे फोटो आणि तारखा जमवा. आणि मालकिणीशी आधी बोला. तिला न सांगता अर्ज केलात तर तिला वाटेल आपण तिच्या मागे पडलोय.