सर्कशीत आयुष्य गेलेल्या आत्यांची जीवनकथा कशी लिहावी?

प्रश्न : महालकर, नागपूर

माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आत्यांचे, गेल्या हिवाळ्यात नागपुरात निधन झाले. तारुण्यातील सारी वर्षे त्या फिरत्या सर्कशींत झुल्यावर काम करीत होत्या आणि शरीर थकल्यानंतर त्याच तंबूत कलावंतांचे कपडे शिवीत असत. उतारवयात त्या नागपूरच्या महाल भागात आमच्याकडे राहायला आल्या. घरात लग्नाची बोलणी सुरू असली, की पाहुण्यांना "आत्या नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात" एवढेच सांगितले जाई, आणि या लपवाछपवीबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, तरी ती मला आज फार बोचते. त्यांच्या कामाविषयी घरात कोणी नीट विचारलेच नाही. विचारले ते वाघ-सिंहांविषयी.

त्यांच्यामागे काही छायाचित्रे, जाहिरातीच्या पत्रकांचा एक गठ्ठा आणि मनगटाला गुंडाळायच्या मळक्या सुती पट्ट्या राहिल्या आहेत. छायाचित्रांवर वर्ष नाही, आणि पत्रकांवर वार व तारीख असली तरी साल नाही. मला त्यांचे आयुष्य लिहून काढायचे आहे. कोणाला काय विचारावे, छायाचित्रांचा काळ कसा ठरवावा, आणि त्या फार लहानपणी सर्कशीत गेल्या होत्या ही गोष्ट लिहावी की गाळावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : बँडवाले काका

ताई, मी उमेदीच्या काळात एका सर्कशीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत असे आणि हिवाळ्यात कस्तुरचंद पार्कवर तंबू लागला, की आमचा मुक्काम नागपुरात असे. तुमच्या आत्यांची व माझी ओळख नव्हती, परंतु त्या पट्ट्यांविषयी वाचले आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

उडत्या झुल्याच्या खेळात समोरच्या झुल्यावर गुडघ्यांनी उलटा लोंबकळणारा गडी असतो, त्याला आम्ही कॅचर म्हणत असू. झेप घेणारी मुलगी त्याचे पंजे धरत नाही. दोघे एकमेकांची मनगटे धरतात, कारण घामाने पंजा सुटतो, पण मनगटावर मनगट पक्के बसते. त्यासाठी त्या पट्ट्या असतात, आणि त्यांवर पांढरी पूड चोळलेली असते. त्या धुऊ नका, ताई. तो मळ त्यांच्या कामाचा आहे.

लोकांना वाटते, की खाली जाळे आहे म्हणजे धोका नाही. जाळ्यात पडणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे. हनुवटी छातीला लावून पाठीवरच पडावे लागते; हात किंवा पाय आधी टेकला तर हाड मोडते, आणि नीट पडले तरी दोरीच्या घर्षणाने कोपरे सोलून निघतात. झेप चुकली, की आमचा बँडमास्तर तीच चाल पुन्हा पहिल्यापासून धरायचा, म्हणजे ती मुलगी दोरीच्या शिडीवरून वर पोहोचेपर्यंत संगीत तुटत नसे आणि तिला दुसरी संधी मिळे. टाळ्या वाजत त्या या दुसऱ्या झेपेला.

सकाळी सराव, दुपारपासून तीन खेळ, मध्ये स्वयंपाक, धुणी, मुलांचा अभ्यास, आणि मुक्काम हलायच्या रात्री शेवटचा खेळ संपायच्या आतच मागच्या कनाती उतरायला सुरुवात होई. रिंगणातल्या मुली खेळाचा पोशाख बदलून लगेच स्वतःचे बिऱ्हाड बांधायला बसत. आत्यांच्या आयुष्यातील बहुतेक तास या कामात गेले असतील, म्हणून सोबतिणींना रिंगणाबाहेरचे अवश्य विचारा. आणि सर्वांत आधी त्यांचा कॅचर कोण होता, हे शोधा. वर्षानुवर्षे ज्याच्या मनगटावर आपला जीव सोपवला, त्याच्याइतके त्यांच्या कामाविषयी दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

उत्तर : ग्रंथपाल, सीताबर्डी

पत्रकांचे साल काढण्याची एक साधी रीत आहे. वार आणि तारीख यांची विशिष्ट जोडी काही ठरावीक वर्षांतच जुळते. एका पत्रकावर अनेक शक्यता उरतात, परंतु एकाच मुक्कामाच्या पत्रकावर खेळाचा वार, तारीख व दिवाळीचा उल्लेख असेल, तर जुन्या पंचांगाशी पडताळून बहुधा एकच वर्ष उरते. शहरांतील वर्तमानपत्रांत सर्कशींच्या जाहिराती येत असत. साल कळले, की वाचनालयातील त्या महिन्याची फाईल मागवावी.

छायाचित्रांत वाघ, सिंह, बिबटे, अस्वल किंवा माकड रिंगणात खेळताना दिसत असतील, तर ती बहुधा 2001 पूर्वीची आहेत. केंद्र सरकारने 1998 च्या अधिसूचनेने या प्राण्यांच्या खेळांवर बंदी घातली आणि 1 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हत्ती त्यानंतरही काही वर्षे सर्कशींत होते, त्यामुळे केवळ हत्तीवरून काळ ठरवू नये.

आपल्या कुटुंबाने जे लपवले, त्याविषयी थोडे लिहितो, कारण ते मला मनापासून खटकले. या देशातील सर्कस मराठी माणसाने उभी केली. विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहिली आणि 20 मार्च 1880 रोजी कुरुंदवाड येथे स्वतःचा पहिला खेळ केला. त्यात त्यांच्या पत्नीनेही कसरती केल्या. म्हणजे भारतीय सर्कशीत स्त्री पहिल्या खेळापासून आहे. पुढे थलस्सेरीच्या किलेरी कुन्हीकन्नन यांनी केरळात मुलामुलींना ही विद्या शिकवली, म्हणून मराठी मालकांच्या तंबूंतही मल्याळी कलावंत दिसू लागले. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे 1940 मध्ये अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वन्य पशूंचे शिक्षक म्हणून गेले आणि तेथे नावाजले गेले. मात्र झुल्यावरच्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे पत्रकांवरदेखील छापली गेली नाहीत. "धाडसी युवतींचा थरार" एवढ्यावर त्यांची ओळख संपली. आत्यांचे चरित्र लिहिताना त्यांच्या सोबतिणींची नावे, त्यांची संमती घेऊन, जरूर नोंदवा.

उत्तर : शिक्षिका, धरमपेठ

लहानपणाची गोष्ट मुळीच गाळू नये. 18 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत बालकांना कामावर ठेवण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले, ते अनेक मुलामुलींच्या हालांमुळेच. आत्यांनी कामावर प्रेम केले, हे खरे असेल, आणि ज्या वयात शाळेत जायचे त्या वयात त्यांना झुल्यावर चढवले गेले, हेही खरे आहे. पहिल्या गोष्टीच्या आदरापोटी दुसरी झाकली, तर पाहुण्यांपुढे घरच्यांनी जे केले तेच पुन्हा होईल. त्यांना कोणी पाठवले, पगार कोणाच्या हाती पडत असे, अक्षरओळख केव्हा झाली, हे वडिलांना शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, तेही लिहा.

पुन्हा : महालकर, नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बँडवाल्या काकांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. दर भाऊबीजेला आत्यांकडे केरळातून एका वृद्ध गृहस्थांची मनीऑर्डर येत असे आणि आम्ही मुले त्यांना दूरचे नातेवाईक समजत असू. ते त्यांचे कॅचर होते, असे वडिलांनी आज प्रथमच सांगितले. त्यांना मराठी उत्तम समजते आणि ते हयात आहेत. पगाराच्या प्रश्नावर मात्र वडील उठून गेले. तेही मी लिहून ठेवले आहे.

त्या गृहस्थांना विचारायच्या प्रश्नांची यादी मी या आठवड्यात तयार करीत आहे. काका, पत्र टाकण्यापूर्वी ती आपण एकदा पाहून द्याल का? सरावाविषयी व जाळ्याविषयी काय विचारावे, हे मला आपल्याइतके कळणार नाही.