मदत हवी आहे: घरच्या साबणावर पांढरं काय आलंय?

नमस्कार मंडळी, मी खानापूरची, पहिल्यांदाच घरी साबण करालोय, पोरीची स्किन लई ड्राय आहे म्हणून. खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७८ ग्रॅम आणि पाणी १७० ग्रॅम, म्हणजे ५ टक्के तेल जादाच राहील असा हिशोब केलेला. सोडा पाण्यात हळूहळू घातला, पाणी सोड्यावर ओतायचं नसतं हे वाचलं होतं, गॉगल ग्लोव्हज पण घातले, पण शहाणपणा कुठं गेला काय की, भांडं घेतलं अॅल्युमिनियमचं! फसाफसा फेस, वास, भांडं काळं, सासूबाईंचं आवडतं होतं ते, जाऊंदे. ते फेकून परत स्टीलमध्ये केलं.

आता श्रीखंडाच्या डब्यात सेट होऊन वड्या कापल्या, ५ दिवस झाले, तर वरती पांढरी पावडर बसलीय. हा नुसता सोडा अॅश (हवा लागून साबणावर येणारा पांढरा थर) का, का सोडा विरघळायचा राहिलाय? अॅश असेल तर धुवून जातो म्हणे, पण आत पण पांढरे ठिपके दिसले तर? सोडा उरलाय का ते जिभेला टेकवून बघायचं धाडस होईना.

दुसरं, आमच्याकडं पावसाळ्यात कपडे वाळायची मारामार, तर वड्या ४ ते ६ आठवड्यांत मुरतील का जादा ठेवू? फॅनखाली चालेल का? आणि पुढच्या वेळी पाण्याऐवजी दूध घालायचंय, ते सोड्यानं करपून तपकिरी होतं ना, गोठवून घातलं तर जमतं का? केलेल्यांनीच सांगा बगा, पोरगी रोज विचारालीय कधी लावायचा म्हणून.