मदत हवी आहे: चेन्नईच्या रमणन सरांची जुनी क्लिप
नमस्कार मंडळी. बाबांच्या बदलीमुळे आमचं बालपण चेन्नईत गेलं. तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, सगळा उलटाच कारभार! टीव्हीवर नुंगंबाक्कमच्या हवामान वेधशाळेतले एस. आर. रमणन पावसाचा अंदाज सांगताना दिसले की दादा दप्तर पलंगाखाली सरकवायचा. 'काट्रळुत्त ताळ्वु निलै', म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, एवढं तमिळ आम्हाला सगळ्यात आधी आलं. पावसामुळे शाळेला सुट्टी खरं तर जिल्हाधिकारी द्यायचे, पण श्रेय पोरं रमणन सरांनाच देत. २०१६ च्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले.

आता दादाचं लग्न आहे. संगीताच्या रात्री दाखवायला सरांची एखादी जुनी क्लिप कुणाकडे आहे का? डिसेंबर २०१५ च्या पुरातली नको, लग्नघरात बरं दिसत नाही. तमिळमध्ये काय लिहून शोधावं, तेही सांगा.