ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमएस करायचंय: सेंटर बघून विद्यापीठ निवडावं का?

हायवे_सांगली
नमस्कार. वालचंदमधून सिव्हिल केलं, सध्या एका हायवे कन्सल्टंटकडे आहे. काम म्हणजे वाहनं मोजणं, एक्सेल भरणं आणि अपघाताच्या जागांचे फोटो काढणं. अलीकडेच एका ठिकाणी गार्डरेलचं, म्हणजे रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याचं, उघडं टोक समोरची काच फोडून गाडीत घुसलेलं पाहिलं. तेव्हापासून शिकायचं तर रस्ता सुरक्षाच, हे पक्कं झालंय. अमेरिकेतल्या विद्यापीठांत डिपार्टमेंट वेगळं आणि ट्रान्सपोर्टेशन सेंटर वेगळं दिसतं. नेमका फरक काय? नोकरीला त्याचा उपयोग होतो का? बाबा कर्जाला तयार आहेत, पण आकडा बघून मलाच धडकी भरते.

ब्रायनकर
ताई, मी टेक्सास ए अँड एममधून एमएस केलं, म्हणून तिथलंच सांगतो. डिग्री सिव्हिल डिपार्टमेंट देतं. टेक्सास ए अँड एम ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूट, म्हणजे टीटीआय, डिग्री देत नाही. ती 1950 पासूनची राज्य सरकारी संशोधन संस्था आहे आणि तिथे खऱ्या रस्त्यांचे प्रश्न येतात. राज्याचं वाहतूक खातं प्रोजेक्ट देतं, त्यातून विद्यार्थ्यांना काम मिळतं.

तुम्ही पाहिलेल्या गार्डरेलचंच घ्या. टेक्सासमधल्या ब्रायन शहराजवळ जुन्या हवाई तळाच्या धावपट्ट्यांवर टीटीआयचं क्रॅश टेस्टचं मैदान आहे. 2270 किलोचा पिकअप ताशी 100 किलोमीटर वेगाने, 25 अंशाच्या कोनात रेलिंगवर सोडतात. नंतर 1100 किलोची छोटी कार, कारण जो कठडा पिकअपला अडवतो त्याच्याखाली कार घुसू शकते. धडक डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते, पण तयारीला कितीतरी दिवस जातात: खांब किती खोल गेला, माती किती घट्ट आहे, रेलची उंची किती भरली, सगळं मोजून लिहायचं. रस्त्याकडेच्या पाटीचा खांब गाडी आदळल्यावर तळाशी सुटून बाजूला पडावा, हे डिझाइनही साठच्या दशकात इथेच विकसित झालं. साधा खांब, पण त्याने किती जीव वाचले असतील!

आता पैसे. अर्धवेळ, म्हणजे आठवड्याला 20 तासांची, अभ्यासाशी संबंधित असिस्टंटशिप (विद्यापीठातच संशोधनात किंवा शिकवण्यात मदतीचं पगारी काम) मिळाली तर टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यालाही स्थानिकांचीच फी लागते. कर्जाच्या आकड्यात त्याने मोठा फरक पडतो. पण हे प्रवेशपत्रासोबत आपोआप येत नाही, ज्यांच्याकडे प्रोजेक्ट आहे त्या संशोधकाला आधीच गाठावं लागतं.

याशिवाय 1987 च्या कायद्यापासून अमेरिकेचं केंद्रीय वाहतूक खातं स्पर्धेतून निवडलेल्या विद्यापीठ केंद्रांना निधी देतं. संशोधनाबरोबर शिक्षण आणि या क्षेत्रात माणसं घडवणं, हेही त्या केंद्रांचं कामच आहे. दर जानेवारीत वॉशिंग्टनला टीआरबीचं, म्हणजे ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाचं, अधिवेशन भरतं. विद्यापीठ केंद्राच्या खर्चाने तिथे आपल्या संशोधनाचं पोस्टर घेऊन जायला मिळालं तर सोडू नका. राज्यांच्या खात्यांतले इंजिनिअर आणि कन्सल्टंट पोस्टरपुढे थांबून खोदून खोदून विचारतात. माझ्या नोकरीची बोलणी तिथेच सुरू झाली.

गेटवाली_पुणे
देशातही पर्याय आहे बरं का. आयआयटी दिल्लीचं 'ट्रिप' केंद्र रस्ता सुरक्षेवर दीर्घकाळ काम करतंय आणि जागतिक आरोग्य संघटनेचं सहयोगी केंद्र आहे. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक केलंत तर महिन्याला 12,400 स्टायपेंड, कर्ज जवळपास नाहीच. आपल्याकडे 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. ट्रॅक्टर, दुचाकी, उलट दिशेने येणारी रिक्षा, हे सगळं एकाच रस्त्यावर असतं, त्याचा अभ्यास इथेच नीट होतो.

ब्रायनकर
पुणेकर ताईंचं म्हणणं पटतं. पुढे भारतातच काम करायचं असेल तर ट्रिपचा आधी विचार करा. कठडे आणि क्रॅश टेस्टच शिकायचं असेल तर मात्र इकडे या.

हायवे_सांगली
दोघांचे मनापासून आभार. दादा, संशोधकांना मेलमध्ये काय लिहू? माझा एकही पेपर नाही.

ब्रायनकर
पेपर नसला तरी चालेल. टीटीआयचे अहवाल फुकट डाउनलोड होतात. गार्डरेलच्या टोकांवरचा एक पूर्ण वाचा, मग तो लिहिणाऱ्यालाच मेल करा. 'रिस्पेक्टेड सर' आणि मार्कांची यादी नको. तुम्ही पाहिलेल्या जागेचं वर्णन द्या: रेलची उंची, खांबांमधलं अंतर, टोक कसं संपवलंय, उतार किती. गाडीचा नंबर आणि माणसं दिसणारा फोटो लावू नका. शेवटी अहवालातला तुम्हाला न कळलेला एक प्रश्न विचारा. मेल पाठवण्याआधी इथे टाका, मी बघून देतो.