सिगिरियावर थांबू नका, पोलोन्नरुवाला जा
सिगिरियाचा कातळावरचा किल्ला आणि दोन बीच झाले की श्रीलंका संपली, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. बीच तर आमच्या गुहागरला घरामागेच आहे, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला! सिगिरिया बघाच, पण पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीतलं गल विहार हे बौद्ध मंदिर सोडू नका. १२व्या शतकातला, एकाच कातळात कोरलेला, १४ मीटर लांबीचा आडवा बुद्ध. जवळ जाऊन उशी बघा, डोक्याच्या भाराने ती जराशी दबलेली कोरलीय, दगडात हां! चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी कातळ असा तापतो की मी अक्षरशः नाचत होतो, मोजे न्या.

आणि पोलोस मागवा, कोवळ्या फणसाची रस्साभाजी, आपल्या फणसाच्या कुयरीच्या भाजीची चुलत बहीणच, फक्त तिखट जास्त.